साडेबाराचं पाणी

आमच्या गल्लीत नळाला पाणी दिवसाआड येतं, आणि येतं तेही रात्री साडेबारा-पाऊणच्या सुमारास. एप्रिल-मे दोन्ही महिने शेजारच्या काकूंनी प्रत्येक वेळची नोंद गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. तारीख आणि वेळ. एकूण ३१ नोंदी. त्याचा चार्ट करून वॉर्डाच्या बैठकीत दाखवायचं काम मीच अंगावर घेतलं, मला 'आर' थोडंफार येतं म्हणून. (आकडेवारी आणि आलेखांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा, फुकट मिळते.)

नोंदी एक्सेलमध्ये उघडल्या आणि पहिला घोळ झाला. लॅपटॉपवर अमेरिकन पद्धत होती, आधी महिना मग दिवस. ११/०५ म्हणजे ११ मे, एक्सेलने केलं ५ नोव्हेंबर. १३ आणि पुढच्या तारखांना त्याला महिनाच सापडेना, त्या नुसत्या मजकूर म्हणून राहिल्या. ३१ पैकी १२ अशा पद्धतीने वाचलेल्या, १९ अक्षरं. जूनमध्ये बसून नोव्हेंबरचं पाणी दिसायला लागलं तेव्हा हसलो, मूळ मेसेजवरून परत सुरुवात केली आणि आरला स्पष्ट सांगितलं: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. तारखा सरळ झाल्या.

वेळेचं मात्र लक्षातच आलं नाही. काकूंनी लिहिलेलं '१२:४० एएम'. मी फॉरमॅटमध्ये तासासाठी मोठा 'एच' दिला, तो २४ तासांच्या घड्याळाचा. मिनिटं वाचून झाली की पुढे उरलेलं 'एएम' आर मुकाट्याने सोडून देतं. एरर नाही, साधी वॉर्निंगही नाही. झाले दुपारचे बारा चाळीस. सगळे ठिपके एका ओळीत. मला वाटलं, काय सुबक चार्ट झालाय!

बैठकीत साहेबांनी कागद हातात घेतला. "अहो, दुपारी साडेबाराला पाणी येतंय की. मग तक्रार कसली?"

मागे कुणीतरी हसलं. दोन महिने मध्यरात्री उठून पिंप भरणाऱ्या काकूंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी 'काहीतरी चुकलंय' एवढंच पुटपुटलो, तोवर पुढचा विषय सुरू झाला होता.

घरी येऊन बदल केला तो एवढासा. 'एच'च्या जागी मोठा 'आय', म्हणजे १२ तासांचं घड्याळ, आणि शेवटी छोटा 'पी', एएम-पीएमसाठी. टाइमझोनही 'एशिया/कोलकाता' लिहून टाकला, नाहीतर कुठेतरी यूटीसी धरलं जातं आणि साडेपाच तासांनी सगळं सरकतं. ३१ च्या ३१ ठिपके मध्यरात्रीच्या पलीकडे जाऊन बसले.

नवा चार्ट आणि सोबत काकूंच्या मूळ मेसेजची प्रिंट, असा अर्ज काल आवक करून आलोय. पुढच्या बैठकीत काकू स्वतः बोलणार आहेत. बाकीच्या गल्ल्यांतही कुणी नोंदी ठेवल्या असतील तर मला पाठवा. फक्त वेळेपुढे 'रात्री' की 'दुपारी' तेवढं लिहा, प्लीज.