गिलाव्याआधी

आमच्या अण्णांची शाळा चौथीत सुटली. पण इमारतीत कशाच्या नंतर काय, हे त्यांनाच विचारावं! जोतं झाल्याशिवाय भिंत नाही, दिवस भरल्याशिवाय स्लॅबचं सेंट्रिंग उतरवायचं नाही. गेली सव्वीस वर्षं ते गवंडीकाम करतात. मी त्यांची मुलगी, घरातून कॉलेजात आलेली पहिली. ते ज्या ठेकेदाराकडं आहेत त्याच्याच ऑफिसात गेल्या दिवाळीपासून मी संध्याकाळी दोन तास संगणकावर कामाचे तक्ते भरते. एस.टी.चा पास आणि पुस्तकं तेवढ्यात भागतात.

तक्ता म्हणजे डावीकडं कामांची यादी, वर तारखा, आणि प्रत्येक कामापुढं त्याच्या मुदतीएवढी आडवी पट्टी. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनियरनं १९१० च्या दशकात असले तक्ते रूढ केले, म्हणून हा गँट चार्ट. पण नुसत्या पट्ट्यांवरून कोणतं काम कोणासाठी खोळंबलंय ते कळत नाही. कामांची साखळी मांडून तिच्यातली सर्वांत लांब वाट शोधायची रीत ड्यू पाँट कंपनीचे वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे केली यांनी १९५७ च्या सुमारास बसवली. आता संगणकावर दोन पट्ट्या बाणानं जोडल्या की झालं. वीटकाम चार दिवस लांबलं तर गिलावा आपसूक चार दिवस पुढं सरकतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी एकटीच हसले होते. जणू पट्ट्यांनी एकमेकींचा पदर धरलाय!

मात्र बाण आपण काढायचा असतो. संगणकानं भिंत पाहिलेली नसते.

वायरमन बाहेरचा, म्हणून वायरिंगच्या पाइपांची पट्टी मी खाली वेगळी ठेवली होती. गिलाव्याला बाण दिला तो फक्त वीटकामाकडून. पुढं वायरमन दुसरीकडं अडकला. मी त्याची पट्टी आठ दिवस ढकलली. गिलावा जागचा हलला नाही, आणि तोच कागद साइटवर गेला.

अण्णांनी मुकादमाला विचारलं होतं, "भिंतीत अजून पाइप नाहीत, गिलावा कसा करायचा?" मुकादम म्हणाला, "कागदावर आज गिलावाच आहे." अण्णा कागदापुढं बोलत नाहीत. बँकेत, शाळेत, कुठंही कागद निघाला की ते एक पाऊल मागं सरतात. हे मी लहानपणापासून पाहते आहे.

दोन खोल्यांचा गिलावा झाला. मग वायरमन आला आणि त्यानं ताज्या गिलाव्यात खाचा पाडल्या. दुरुस्तीत तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांची हजेरी लागली नाही.

मला हे जेवताना कळलं. अण्णा आईला सांगत होते, "ऑफिसात कुणीतरी कागद चुकवला." कुणीतरी! मला पुढचा घास गिळवेना. रात्री अंथरुणं घातल्यावर मी सगळं सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला विचारायचं होतंस की गं."

हे लिहायला जड जातं, पण विचारावं असं माझ्या मनातच आलं नव्हतं. घरात शिकलेली मी ना!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं की चूक माझी, तीन दिवसांची हजेरी माझ्या पैशांतून द्या. "बघू," म्हणाले. अजून बघताहेत.

आता तक्ता साइटवर जाण्याआधी मी तो घरी आणते. बाण अण्णांना माझ्यापेक्षा लवकर उमगले. परवा मोरीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "फरशीच्या आधी पाणी तुंबवून गळती बघायची, ते कुठंय?" ते नव्हतंच. मी पेन्सिलीनं मधे एक ओळ घातली, दोन बाण काढले. त्यांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला.

"आणि आमचा पगार कुठल्या पट्टीनंतर?"

"तो ह्या तक्त्यात नसतो, अण्णा."

"बरं," म्हणाले आणि हातपाय धुवायला उठले.