गारव्याचा जमाखर्च

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला सामान या वस्तूविषयी एक प्रकारची धास्ती वाटू लागते. नागपूर, कोलकाता, चेन्नई आणि आता बंगळूर, अशी माझी चार बिऱ्हाडे झाली. प्रत्येक वेळी सर्वांत अधिक मनस्ताप दिला तो शीतकपाटाने. ते आडवे करू नये, मुक्कामी पोहोचल्यावर काही तास उभे ठेवावे आणि मगच चालू करावे, हे पथ्य हमालांना समजावून सांगता सांगता माझी हिंदी सुधारली, एवढाच काय तो लाभ. असे हे शीतकपाट चालू स्थितीत, आतील जिन्नसांसह, भर उन्हाळ्यात सहाशे किलोमीटर घेऊन जाण्याची पाळी माझ्यावर येईल, असे कोणी भाकीत केले असते तर मी त्याला हसलो असतो. परंतु २०२४ च्या चैत्रात नेमके तेच घडले.

त्याचे मूळ आईच्या एका वाक्यात होते. पाडव्याच्या दिवशी ती म्हणाली, “अरे, यंदा पुनवेच्या जत्रेला गावी न्यायचं बघ. पुढचं कुणी सांगावं?” आमचे गाव सोलापूरच्या पलीकडे, बार्शीच्या वाटेवर. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. आदल्या वर्षी खुब्याचे हाड मोडल्यापासून तिला तासाभराहून अधिक बसवत नाही. आगगाडीच्या डब्यातील चढउतार आणि तेथील शौचकूप हे दोन्ही तिच्या आवाक्याबाहेरचे. त्यातच मधुमेह. दिवसातून तीन वेळा इन्सुलिन. विमानाने पुण्यास उतरून पुढे मोटारीने जावे, तर तो दिवस तिला झेपणारा नव्हता.

अशा वेळी एका निवृत्त स्नेह्याला आमची दया आली. या गृहस्थांनी हौसेने एका मोठ्या व्हॅनचे फिरते घर करून घेतले आहे. त्यात निजण्यास फळी आहे, न्हाणीघर आहे, गॅसची शेगडी आहे, आणि परदेशातून मागविलेले एक लहानसे शीतकपाट आहे. ते गॅसवर चालते, गाडीच्या विजेवर चालते आणि घरच्या विजेवरही चालते. “घेऊन जा, काही काळजी करू नका,” असे म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. काळजीला सुरुवात तेथूनच झाली.

इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस या तापमानात राहावी लागते. ती गोठली तरी वाया जाते, तापली तरी वाया जाते. वापरात असलेली कुपी काही आठवडे बाहेर चालते. पण तिलाही साधारण ३० अंशांच्या आत ठेवावे, असे डॉक्टर सांगतात. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पारा पन्नाशी गाठतो. आणि आम्हाला जावयाचे होते ते विजापूर-सोलापूरच्या बाजूस, एप्रिल महिन्यात.

बंगळूरला उन्हाळा नसतो, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरचे हे शहर. पूर्वी येथील कित्येक घरांना पंखे ठाऊक नव्हते म्हणतात. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये येथे ३९.२ अंशांची नोंद झाली, आणि आमच्या प्रवासाच्या त्या महिन्याअखेरीस पारा ३८.५ वर गेला. कूपनलिका आटल्या होत्या. अशा दिवसांत, निघण्याच्या आदल्या शुक्रवारी, मी ती गाडी जयनगरातल्या आमच्या दारासमोर उभी केली, शीतकपाट गॅसवर चालू केले, बाजारातून आणलेले दूध, भाज्या, पाण्याच्या बाटल्या त्यात ठासून भरल्या आणि निर्धास्त मनाने कचेरीत गेलो. संध्याकाळी आत उष्णतामापक ठेवून पाहिला. १९ अंश! ज्या कपाटात मी आईचे औषध ठेवणार होतो, त्यात दूध नासले होते.

जे. सी. रोडवरच्या एका वृद्ध कारागिराला घेऊन आलो. त्याने कपाटाचे दार उघडूनसुद्धा पाहिले नाही. तो गाडीच्या बाहेरून मागच्या अंगाला गेला, तेथल्या दोन जाळ्यांवर हात ठेवला, चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि म्हणाला, “बिसि होरगे होगबेकु, सार.” उष्णता बाहेर गेली पाहिजे. जाळ्या धुळीने बुजल्या होत्या. त्यांच्या आत कोणी तरी चिंध्यांचे बोचके कोंबले होते. आणि मी गाडी अशी उभी केली होती की दुपारचे सारे पश्चिमेचे ऊन नेमके त्याच अंगावर पडावे.

मी हिशेबतपासणीच्या खात्यातला मनुष्य. त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शीतकपाट म्हणजे थंडी जमा करण्याचे खाते, असे मी जन्मभर समजत होतो. वस्तुतः थंडी नावाची वस्तू जमेला नसतेच. असते ती केवळ उष्णता, आणि कपाटाचे काम ती आतून उचलून बाहेर खर्ची टाकण्याचे. खर्चाची वाट बुजली की जमेच्या बाजूला कितीही खटपट करा, शिल्लक वाढतच जाणार.

या जातीच्या कपाटात यंत्राची घरघर नाही, हलणारा एकही भाग नाही. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयात शिकणाऱ्या बाल्त्सार फोन प्लातेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही युक्ती शोधली. मागे एक लहानशी ज्योत जळते. ती अमोनिया विरघळलेले पाणी तापविते. अमोनियाची वाफ वर चढते, मागच्या पात्यांच्या नळीत आपली उष्णता हवेला देऊन द्रव होते, मग कपाटाजवळ हायड्रोजन वायूच्या सान्निध्यात पुन्हा वाफ होते, आणि वाफ होताना आतील उष्णता शोषून घेते. शेवटी पाणी तिला पुन्हा पोटात घेते आणि फेरा चालू राहतो. आगीने गारवा करावा, हा विरोधाभास एखाद्या शाहिराला शोभावा! जेथे वीज नव्हती अशा ठिकाणी हीच कपाटे रॉकेलच्या दिव्यावर चालत आणि लशी सांभाळून ठेवीत. मात्र हा सारा फेरा गुरुत्वाकर्षणाच्या जिवावर चालतो. म्हणून गाडी उतारावर उभी असेल, तर कपाट मुकाट्याने काम सोडून देते. आणि ते भोवतालच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनीच खाली जाऊ शकते. हवाच चाळीस अंशांची असेल तर त्या बिचाऱ्याने काय करावे?

चेन्नईस असताना समुद्रकिनाऱ्यावरची बर्फाची जुनी कोठी मी अनेकदा पाहिली होती. १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथे झाला, म्हणून आज तिला त्यांचे नाव आहे. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बॉस्टनचा व्यापारी तळ्यांतला बर्फ कापून गलबतांनी हिंदुस्थानात पाठवीत असे. १८३३ साली कोलकात्यास आलेल्या त्याच्या पहिल्या गलबतात १८० टन बर्फ भरला होता. चार महिन्यांचा प्रवास आणि दोनदा विषुववृत्त ओलांडणे, एवढे होऊनही सुमारे १०० टन शिल्लक उतरला. कशाच्या बळावर? लाकडाच्या भुशाच्या. त्या माणसाजवळ गारवा निर्माण करण्याचे कोणतेच साधन नव्हते. उष्णतेला आत येऊ द्यावयाचे नाही, एवढाच त्याचा उद्योग.

या दोन सूत्रांवर शनिवारचा दिवस कारणी लावला. जाळ्या धुतल्या, बोचके काढले. एस. पी. रोडवरून संगणकातले दोन लहान पंखे आणून कपाटाच्या मागे, वरच्या जाळीच्या आत, हवा बाहेर फेकतील असे बसविले. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून ओढून पाहिली. एके ठिकाणी ती सहज निसटली, तेथे रबर बदलले. चकचकीत पत्र्यासारखे पडदे काचांना लावले. रात्रभर कपाट घरच्या विजेवर चालवून रिकामेच गार केले, आणि पहाटे घरच्या शीतकपाटात गार झालेल्या वस्तूच तेवढ्या आत ठेवल्या, हवा खेळेल अशा अंतराने. गोठविलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या पंचात गुंडाळून बाजूला ठेवल्या, कुप्यांना चिकटू न देता. सौ. हे सारे पाहत होती. म्हणाली, “अहो, माझ्या स्वयंपाकघरात इतकं लक्ष कधी घातलं असतंत तर!” यावर उत्तर नव्हते.

आईने मात्र आपले सामान स्वतः काढले: दोन मातीची मडकी, एक लहान, एक मोठे, आणि वाळूची एक पिशवी. मी म्हटले, “आई, हे कशाला? गाडीत जागा कुठे आहे?” ती म्हणाली, “तुझं यंत्र तू ने, माझं मी नेते.”

२१ एप्रिलच्या पहाटे निघालो. कपाटाच्या आतला मापक तारेने बाहेरच्या आकड्याला जोडला होता. फळीवर पट्टा बांधून निजलेल्या आईला तो आकडा समोर दिसे. तिला काही काम असावे म्हणून मी माझी वही आणि पेन्सिल तिच्या हाती दिली आणि दर तासाला आकडा टिपण्यास सांगितले. तुमकूरला ५. शिऱ्याला ६. चालत्या गाडीत गॅस बंद ठेवावा लागे. गाडीच्या विजेवर कपाट आहे तो गारवा कसाबसा टिकवी. चित्रदुर्गाजवळ चहाला थांबलो, गॅस पेटविला आणि निश्चिंत बसलो. अर्ध्या तासाने ९! गाडीचे एक चाक खड्ड्यात होते. दगड शोधून चाकाखाली दिले, तेव्हा कोठे ज्योतीचा उपयोग होऊ लागला. रात्री होसपेटला मुक्काम. तुंगभद्रेवरून वारा येत होता, धर्मशाळेतून वीज मिळाली, आणि पहाटे वहीत पुन्हा ४ चा आकडा पडला.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. इलकलच्या पुढे बाहेर ४१ अंश. बाटल्यांतला बर्फ पाणी झाला होता. दुपारी एक वाजता आईने वाचले, “चौदा.” आवाजात काही घाबरणे नव्हते, माझ्याच घशाला कोरड पडली. रस्त्याकडेच्या एका कडुलिंबाखाली, जाळ्यांची बाजू सावलीत येईल अशी, गाडी उभी केली. सपाट जागा निवडली, गॅस लावला, पंखे चालूच होते. एका टपरीवरून बर्फाचा तुकडा मिळाला, तो डब्यात घालून आत ठेवला.

तेवढ्यात आईने सौ.कडून आपली मडकी मांडून घेतली. मोठ्यात वाळू, वाळूत लहान मडके, वाळूवर पाणी, तोंडावर ओले फडके. वापरातली कुपी स्टीलच्या डबीत घालून लहान मडक्यात ठेवविली. “शेतावर तुझे वडील दूध असंच ठेवायचे,” ती म्हणाली. त्या मुलखातली हवा कोरडी ठाक. पाणी मातीतून झिरपते, वारा ते उडवून नेतो, आणि प्रत्येक थेंब जाताना मडक्याची उष्णता बरोबर घेऊन जातो. तासाभराने मी मापक मडक्यात घातला. २६! दमट मुंबईत हा प्रयोग फसला असता. येथे मातीच्या भांड्याने ४१ अंशांच्या दुपारी, एक पैसा खर्च न करता, चालू कुपी सांभाळली. इकडे कपाटाचा आकडाही १४ वरून ११, आणि पुढे ८ वर आला. डॉक्टरांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, थोडा वेळ चौदापर्यंत गेल्याने कुप्या वाया जात नाहीत, मात्र त्या आधी वापरून टाका.

स्टॉकहोमचे ते विद्यार्थी आणि माझे निरक्षर आजोबा यांचे सूत्र एकच होते, हे त्या कडुलिंबाखाली मला उमगले. द्रवाची वाफ होऊ द्या, आणि जाताना ती उष्णता घेऊन जाऊ द्या. फरक एवढाच की, त्या दोघांनी गेलेली वाफ परत बोलावण्याची सोय केली. आजोबांना विहीर जवळ होती.

ऊन उतरल्यावर निघालो. अलमट्टीजवळ कृष्णा ओलांडली, विजापूरचा घुमट डावी-उजवी करीत मागे पडला, आणि रात्रीचा मुक्काम करून सकाळी भीमा ओलांडली. दुपारी चारच्या सुमारास गावच्या मारुतीचे शिखर दिसले. पौर्णिमाच होती. लेझमाचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येत होता. आमचे घर पडून गेले आहे. त्याच्या जोत्यापाशी, पिंपळाच्या सावलीत, मी गाडी सपाट जागा पाहून उभी केली. आई फळीवरून उठून खिडकीशी बसली होती. बराच वेळ बसली होती, असे सौ.ने मागाहून सांगितले.

बंगळूरला परतल्यावर ती वही मी सवयीने तपासली. तीन दिवसांचे आकडे ओळीने होते, वेळा बिनचूक होत्या, खाडाखोड नव्हती. फक्त २३ तारखेच्या चार वाजताच्या नोंदीत आकडा नव्हता. त्या जागी आईच्या थरथरत्या अक्षरांत लिहिले होते : “गाव आले.”

तीस वर्षांच्या नोकरीत अपुऱ्या नोंदींवर मी शेकडो आक्षेप काढले. हा काढला नाही.