मनामा, एलुरू, सांगली: बुद्धिबळाची काही टिपणे

ऑक्टोबर २००२, मनामा. व्लादिमिर क्रामनिक विरुद्ध ‘डीप फ्रिट्झ’, आठ डाव. दोनच वर्षांपूर्वी लंडनमध्ये कास्पारोव्हला हरवलेला क्रामनिक बहारीनमध्ये संगणकासमोर बसला. लढत खरं तर आदल्या वर्षीच व्हायची होती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर ती पुढे गेली.

*

पहिल्या चार डावांनंतर क्रामनिक ३–१ असा पुढे होता. वजिरावजिरी लवकर उरकायची, पट शांत करायचा, संगणकाला गुंतागुंतीचे हिशेब करायला जागाच ठेवायची नाही, हा त्याचा बेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या डावात तो तंतोतंत साधला. पाचव्यात एका ढोबळ चुकीने मोहरा गेला आणि डावही गेला. सहाव्या डावात त्याने घोड्याचा बळी देऊन राजावर हल्ला चढवला. संगणकाने बचाव शोधला, क्रामनिकने डाव सोडला. सोडला त्या स्थितीतही बरोबरी शक्य होती का, यावर पुढे पुष्कळ खल झाला. उरलेले दोन डाव बरोबरीत सुटले. निकाल ४–४.

मला या आठांत सहावा डाव सर्वांत प्रिय आहे. एका गुणाची आघाडी हातात होती. सावध खेळून ती जपता आली असती. तरी पटावर हल्ला दिसला आणि तो खेळला. लाखो डॉलरचं बक्षीस समोर असताना.

*

एवढी लढत भरवायला पैसा लागतो. राष्ट्रीय विजेता घडायला मात्र दर आठवड्याला उघडणारी खोली लागते, आणि आज हरवणारा पण उद्या पुन्हा समोर बसणारा जोडीदार. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं. त्याच सांगलीच्या भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. स्वाती घाटेही सांगलीच्याच.

*

पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा: १९५५, एलुरू. रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते.

*

महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ ची. विजेती वासंती खाडिलकर. मग जयश्री, मग रोहिणी. ‘नवाकाळ’च्या नीळकंठ खाडिलकरांच्या या तीन मुलींनी पुढची कित्येक वर्षं अजिंक्यपद जवळजवळ घरातच ठेवलं. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ‘फिडे’ या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युव यांनी बायकांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. ते दार एका शाळकरी मुलीने उघडलं, हे प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवं.

*

सांगलीत मंडळ होतं. इथे बहारीनमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलाचं काय? पासपोर्ट भारतीय, पण भारतातली निवडीची नेहमीची वाट जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय अशी. हा मुलगा कोणत्या जिल्ह्याचा? निवड स्पर्धा ऐन शाळेच्या दिवसांत आली तर विमानाचं तिकीट, बुडालेली शाळा, आईबाबांची रजा. ऑनलाइन खेळावं तर सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी पुण्यातली मुलं डाव मांडतात तेव्हा इथली वर्गात असतात. घड्याळही अडीच तास मागे.

हुशारी कमी पडत नाही, डाव कमी पडतात.

*

गणेशोत्सवात मुलांच्या स्पर्धा हौसेने घेणारी माणसं इथे आहेत. त्यांना माझी विनंती: वर्षातून दोनदा तरी फिडे-रेटेड स्पर्धा घ्या. नोंदणी बहारीनच्या राष्ट्रीय संघटनेमार्फत करायची, पंच परवानाधारक हवा. मग बहारीनी, केरळी, फिलिपिनो, मराठी मुलं एकाच पटावर येतील. पहिलं रेटिंग मिळवायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात, आणि त्यांत निदान अर्धा गुण. मार्च २०२४ पासून यादीतलं किमान रेटिंग १४०० आहे. दोन सुट्ट्यांच्या दिवसांत पाच डाव सहज बसतात.