पावसाचा जमाखर्च

"ताई, तुम्ही दिवसभर खोलीत बसून पाऊस मोजता म्हणे!" आमच्या शेजारचा एक सहावीतला मुलगा एकदा मला म्हणाला. त्याच्या बोलण्यात थोडी थट्टा होती, आणि ती मला निमूटपणे ऐकून घ्यावी लागली. कारण ते खरे होते. पुढे पन्नास वर्षांत पाऊस कसा पडेल, याचे हिशेब मी भर उन्हाळ्यात कूलरसमोर बसून करते. मी संगणकासाठी आज्ञावली लिहिते, म्हणजे संगणकाने कोणती आकडेमोड कोणत्या क्रमाने करावी हे त्याला समजेल अशा भाषेत लिहून देते.

मी राहते ते बेसा नागपूरच्या दक्षिणेस आहे. एके काळी हे शेतकऱ्यांचे लहानसे गाव होते. आता शेतांचे ले-आउट पडले आहेत आणि जेथे पऱ्हाटी डोलत असे तेथे चार-चार मजली इमारती उभ्या आहेत. तरी दोन इमारतींच्या मध्ये एखादा काळा तुकडा अजूनही नांगरलेला दिसतो. असाच एक तुकडा आमच्या घरामागे आहे. तो आबाजींचा. त्यांची बाकीची जमीन कधीच विकली गेली. एवढी मात्र त्यांनी हट्टाने राखली आहे.

आता माझे काम काय ते सांगते. घरातील वडीलधारी माणसे वहीत जमाखर्च लिहितात, तसा आम्ही एकेका गावाच्या पाण्याचा जमाखर्च मांडतो. पाऊस पडला की पाणी जमा झाले. त्यातील काही नाल्याने वाहून जाते, काही मातीत मुरते, काही पिके पितात आणि पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात. उरलेले खोल झिरपून विहिरींना मिळते. गावाची माती कोणती, उतार किती, पीक कोणते, हे सारे आकड्यांत सांगितले की संगणकात त्या गावाची एक प्रतिकृती तयार होते. तिला शास्त्रज्ञ प्रतिमान म्हणतात. पृथ्वीचे तापमान वाढत आहे. त्यामुळे पाऊस एकदम कोसळतो आणि मग दिवसेंदिवस तोंड लपवतो, असे अधिकाधिक घडू लागले आहे. अशा पावसात शेततळे कोठे खोदावे, पेरावे काय, हे आधीच ठरवता यावे म्हणून ही खटपट. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली नानाजी देशमुख यांच्या नावाने कृषी संजीवनी प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुमारे पाच हजार गावांसाठी पाण्याचा असाच ताळेबंद मांडण्याची पद्धत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी तयार केली होती. माझे काम त्याच जातीचे, परंतु पुष्कळच लहान.

आकाशाची अशी आकडेमोड करण्याची कल्पना संगणकाहूनही जुनी आहे, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. लुईस रिचर्डसन नावाचे एक इंग्रज शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची गाडी चालवीत. त्या धामधुमीत त्यांनी केवळ कागद-पेन्सिलीने २० मे १९१० या दिवसाच्या सहा तासांच्या हवामानाचे गणित केले. सहा तासांच्या हवामानाला सुमारे सहा आठवडे लागले! आणि एवढे करून उत्तर साफ चुकले. त्यांच्या गणिताप्रमाणे हवेचा दाब भलताच चढायला हवा होता. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. १९२२ साली त्यांनी आपले पुस्तक छापले, तेव्हा हे चुकलेले गणित त्यांनी लपवले नाही. ते त्यात संपूर्ण दिले. जगाचे हवामान वेळेवर सांगायचे, तर एका प्रचंड सभागृहात ६४,००० माणसे बसवून त्यांच्याकडून आकडेमोड करवून घ्यावी लागेल, असे त्यांनी त्या पुस्तकात लिहिले आहे. आज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत 'अर्क' नावाचा महासंगणक आहे. २०२४ साली तो देशाला अर्पण झाला. एका सेकंदात तो ११,००० लक्ष कोटींहून अधिक आकडेमोडी करतो. माझा संगणक मात्र साधा, टेबलावर मावणारा आहे.

२०२२ च्या मे महिन्यातील गोष्ट. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांचे काम आमच्याकडे आले होते. कोणत्या गावात कपाशीला पावसाळ्यातही वरून पाणी द्यावे लागेल आणि कोठे त्याची गरज नाही, हे सांगायचे होते. ज्या गावांपुढे 'गरज नाही' असे लिहिले जाईल, त्यांची शेततळी मागे पडणार होती. माझे कोष्टक तयार झाले होते, वरिष्ठांकडे गेलेही होते, आणि दुसऱ्या दिवशी सभा होती. संध्याकाळी वीज गेली, म्हणून मी छापलेले कागद घेऊन ओट्यावर येऊन बसले. आबाजी काठी टेकत आले आणि शेजारी बसले.

"पोरी, हे काय लिवलं?" त्यांनी विचारले.

"हा जुलै महिन्याचा पाऊस, आबाजी. तीनशे दहा मिलिमीटर."

"अन् रोजचा?"

"रोजचा दहा. एकतीस दिवसांनी भागला."

आबाजी क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. मग हसून म्हणाले, "एकतीस दिवस रोज सारखा पाऊस? असा पाऊस मी तं कधी पाह्यला नाही, बाप्पा! पऱ्हाटी काय महिन्यानं पानी पेते? तिले रोज तहान लागते."

मला उत्तर सुचेना. पुढील काळाच्या पावसाचे आकडे आमच्या हाती महिन्याचे होते. आज्ञावलीला रोजचे हवे होते. म्हणून मी सरळ भागाकार केला होता. तो करताना मला काहीच चुकल्यासारखे वाटले नव्हते. उत्तर पाचव्या दशांश स्थळापर्यंत बरोबर होते!

तुम्हीच हिशेब करून पाहा. समजा, कपाशीला रोज चार मिलिमीटर पाणी लागते आणि बरड जमिनीत पन्नास मिलिमीटर पाणी साठते. शेवटच्या पावसानंतर ते बारा दिवस पुरेल. पाऊस अठरा दिवस आला नाही, तर सहा दिवस झाडे तहानेने माना टाकतील. खोल काळ्या मातीत दीडशे मिलिमीटर साठत असेल, तर तेथील पऱ्हाटी महिनाभर तग धरील. खरा पाऊस दहा-बारा दिवसांत पडून जातो, त्यातही दोन-तीन दिवस धो धो, आणि त्यातले पुष्कळसे पाणी नाल्याला मिळते. माझ्या कागदावरच्या गावांत मात्र पाणी कधी वाहून गेले नव्हते, की झाडाला कधी तहान लागली नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. गप्प राहिले असते तर माझी चूक कोणाच्याही ध्यानात आली नसती, असे मला वाटले, आणि तसे वाटल्याची लाजही वाटली. सकाळी मी वरिष्ठांना दूरध्वनी केला. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, "सभेपर्यंत दुरुस्त होईल?" मी म्हटले, "नाही." सभा पुढे ढकलली गेली. ते माझ्यावर रागावले होते, आणि पुढे कित्येक दिवस कामापुरतेच बोलत.

मग मी जुन्या वर्षांचा रोजचा पाऊस मिळवला आणि पुढील वर्षांचा पाऊस त्याच्या चालीवर बसवला. हे करताना आबाजींनी मला आपला खजिना दाखवला. तो म्हणजे त्यांच्या माळ्यावरच्या जुन्या दिनदर्शिका. प्रत्येक पावसाळी दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने एकेक शब्द लिहिलेला होता : झड, उघाड, वाफसा. आकडा एकही नव्हता. परंतु उघाड किती दिवस टिकली आणि वाफसा कधी आला, हे त्यात असे लख्ख दिसत होते, की आपली आज्ञावली बेशाच्या मातीत चालते का, ते मी त्यावरच ताडून पाहिले. नवे कोष्टक निघाले तेव्हा, आधी 'गरज नाही' म्हटलेल्या गावांपैकी बरड जमिनीची कित्येक गावे 'गरज आहे' या बाजूला आली.

आता आपले गणित बरोबर आहे, असे मी वर्षभर धरून चालले होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या हजारो घरांत पाणी शिरले, माणसे दगावली. तोच पाऊस दिवसभर संथपणे पडला असता, तर शहराने तो बहुधा सोसला असता. शेताला दिवसाचा हिशेब पुरतो. शहराच्या नाल्यांना तासाचा हवा. म्हणून आता मी तासांच्या पावसाची आज्ञावली लिहिते आहे. तासांच्या नोंदी मिळणे मात्र फार कठीण.

नवी दिनदर्शिका भिंतीला लागली तेव्हा मी आबाजींना म्हटले, "आबाजी, यंदा झडीपुढे वेळही लिहीत जा."

"लिवतो नं," ते म्हणाले, "पण रातच्याला मी झोपलो असलो तं?"

त्यावर काय तोड काढावी, याचा आम्ही दोघे अजून विचार करीत आहोत.