उलट्या वाटेचा डायोड

फायनल इयरचा प्रोजेक्ट. एका आठवड्यात आमचे तीन ७८१२ गेले. गंमत म्हणजे सर्किट चालू असताना एकही नाही! रात्री सगळं ठीक बघून स्विच बंद करायचा आणि सकाळी आउटपुटला १२ व्होल्टचा पत्ता नाही. "तुझं सोल्डरिंगच कच्चं," असं मी पार्टनरला सगळ्यांसमोर सुनावलं. तो काही बोलला नाही, पण त्या रात्री मेसमध्ये दुसऱ्या टेबलावर बसला.

शेवटी बोर्ड लॅबमधल्या काकांना दाखवला. ते म्हणाले, "चालू असतानाचं सांगता. बंद करताना काय होतं, ते बघितलंत का?"

मग उलगडलं. रेग्युलेटरच्या इनपुटवरच आम्ही मोटारही जोडली होती. स्विच बंद केला की ती इनपुटचा कपॅसिटर झटकन रिकामा करी. आउटपुटला मात्र १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्ट धरून बसलेला. तो उलटा आयसीतून रिकामा व्हायचा. जादा करंट आणि उष्णता यांपासून ७८१२ स्वतःला वाचवतो. आउटपुटकडून उलट आलेल्या करंटपासून नाही. आतल्या ट्रान्झिस्टरचं एमिटर-बेस जंक्शन उलटे साधारण ७ व्होल्टच सोसतं.

उपाय? आउटपुटकडून इनपुटकडे एक ४००७ डायोड, पट्टी इनपुटच्या बाजूला. किंमत कटिंग चहापेक्षा कमी!

डायोड पार्टनरनेच लावला. मी सॉरी म्हणालो, तेही सगळ्यांसमोर. चौथा ७८१२ सबमिशननंतरही शाबूत होता. हल्ली कुणाला बोलण्याआधी मी मीटर लावून बघतो.