थर्टीन, दोनदा

आमच्या भिशीत जेवणानंतर सिनेमा लावायची टूम कोणी काढली ते आता कोणीच कबूल करत नाही. पाच जणी, प्रत्येकीच्या घरी अकरा ते सोळा वयाचं किमान एक कार्टं, आणि सगळ्यांची तक्रार एकच, की हल्ली ते बोलत नाही. त्यावर मी म्हटलं, चला, 'थर्टीन' बघूया. आणि ही भिशी नेमकी माझ्याच घरी होती.

हा सिनेमा मी २००३ साली थिएटरात पाहिला होता. लग्न होऊन सॅन होजेला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. नोकरीची परवानगी नाही, गाडी येत नाही, नवरा सकाळी गेला की संध्याकाळी उगवणार. मी पंचवीस वर्षांची. तेव्हा त्यातल्या ट्रेसीचं सगळं मला पटलं होतं. आईवर ओरडणं, दार आपटणं, 'मला कोणी समजून घेत नाही' हा चेहरा. तिची आई मात्र जवळजवळ लक्षातही राहिली नव्हती. हॉली हंटरला त्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा मला वाटलं, हिने असं काय केलं?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉस एंजेलिस. सातवीतली हुशार मुलगी, कविता लिहिणारी, शहाणी. शाळेत तिच्या मोज्यांवरून कोणीतरी हसतं. मग तिला इव्ही हवी असते, वर्गातली सगळ्यात देखणी, सगळ्यात धीट पोरगी. इव्हीने आपल्याला जवळ करावं म्हणून ती बाकावर बसलेल्या एका बाईचं पाकीट उचलते आणि त्या पैशातून दोघींची खरेदी होते. तिथून पुढे चोऱ्या, नशा, मुलगे, घरात आरडाओरडा. स्वतःला इजा करून घेणं मात्र इव्हीच्या आधीपासूनचं असतं, आणि ते कोणालाच माहीत नसतं. सिनेमाची सुरुवातच शेवटाकडच्या एका भयंकर प्रसंगाने होते आणि मग पडद्यावर येतं, चार महिन्यांपूर्वी.

याची जन्मकथा सिनेमाइतकीच विलक्षण आहे. दिग्दर्शिका कॅथरीन हार्डविक तोवर सिनेमांचे सेट उभे करण्याचं काम करायची, दिग्दर्शनाचा हा पहिलाच प्रयत्न. निकी रीड ही तिच्या जुन्या मित्राची मुलगी. पोरगी घरात सतत चिडलेली, बिनसलेली, म्हणून तिला काहीतरी उद्योग द्यावा या हेतूने दोघी लिहायला बसल्या. ठरलं होतं विनोदी काहीतरी लिहायचं. सहा दिवसांत लिहून झालं ते हे. निकी तेव्हा तेरा-चौदाची. ट्रेसी बरीचशी तिच्यावरच बेतलेली, पण पडद्यावर तिने केली इव्ही. ट्रेसी झाली इव्हान रेचेल वुड, तीही जवळपास त्याच वयाची. खर्च साधारण वीस लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चणे-फुटाणे. कॅमेरा हातात धरून चित्रण, त्यामुळे आपण त्या घरात मधे कडमडत उभे आहोत असं सतत वाटतं. सनडान्स महोत्सवात हार्डविकला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. आणि गंमत म्हणजे ज्यांच्यावर सिनेमा आहे त्यांना तो बघायची सोय नाही. अमेरिकेत आर प्रमाणपत्र, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसाबरोबर यायचं. ब्रिटनमध्ये तर थेट अठरा!

तर भिशी. सिनेमा संपला आणि आधी कोणी काही बोलेना. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

एकीचं म्हणणं, हे अमेरिकन घरांचं दुखणं आहे. घटस्फोट, आई दारूतून नुकती सावरलेली, आईचा मित्र व्यसनातून बाहेर आलेला. आपल्याकडे असं नसतं, आपल्याकडे आजी असते. हे ती म्हणाली तेव्हा माझी आई, जी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली आहे, ताटल्या उचलत होती. ती फक्त हसली.

दुसरीला सगळंच अतिरंजित वाटलं. चार महिन्यांत एवढी शहाणी मुलगी इतकी बदलेल का? यावर आमच्यातली जी लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे ती इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, "चार महिने खूप झाले गं." बास. पुढे काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

तिसरीचा मुद्दा मला अजून छळतोय. ती म्हणाली, खरं दाखवायचं म्हणून चौदा वर्षांच्या मुलींकडून हे सगळं करून घ्यायचं का? निकीने स्वतः लिहिलं हे खरं, पण चौदाव्या वर्षी आपण काय लिहितोय आणि ते जगभर कोण कोण बघणार हे कळतं का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनेमा खरा वाटतो तो त्या मुली तेवढ्याच वयाच्या आहेत म्हणूनच. वीस वर्षांची नटी घेऊन वेण्या घातल्या असत्या तर आपण सुस्कारा सोडून झोपायला गेलो असतो.

नवरा मागे स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसला होता, 'मी बघत नाहीये' असं दाखवत. सिनेमात बाप एकदा येतो, घाईत, आणि म्हणतो की नेमकं काय बिघडलंय ते कोणीतरी मला थोडक्यात सांगा. तेवढ्यात मागून लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. त्याचं मत मी तेच धरलं.

आणि मी? या खेपेला मला ट्रेसी दिसेचना. मला दिसत राहिली ती आई. घरातच लोकांचे केस कापून चार पैसे मिळवणारी, सगळ्यांना घरात घेणारी, मुलीची मैत्रीण होऊ पाहणारी. लेक डोळ्यांदेखत हातातून निसटतेय आणि ही सारखी तिच्या मागे मागे, दाराबाहेर उभी. आईनेही येता जाता अर्धाच सिनेमा पाहिला होता. रात्री भांडी पुसताना म्हणाली, "त्या बाईच्या घरात सदानकदा कोणी ना कोणी येऊन राहतंय, जेवतंय. त्या गर्दीत पोरीशी बोलायला तिला वेळ कधी मिळायचा?" मी म्हटलं, आई, ती बिचारी प्रयत्न करते गं. त्यावर आई म्हणाली, "प्रयत्न करते. विचारत नाही." आणि कपाट लावून झोपायला गेली.

आता खरं सांगते. भिशीला हा सिनेमा मी उगाच सुचवला नव्हता. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. भिशीच्या दहा दिवस आधी कपडे धुवायला टाकताना तिच्या जाकिटाच्या खिशात एक ब्रेसलेट सापडलं होतं. किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती. नऊ डॉलर. पावती नाही, पिशवी नाही. मी ते होतं तसं परत खिशात ठेवलं, जाकीट न धुताच खुंटीला लावलं आणि दहा दिवस काही बोलले नाही. रोज ठरवायचे, आज विचारते. रोज तिच्या दारापर्यंत जायचे आणि "उद्या डब्याला काय देऊ?" एवढंच विचारून परत यायचे. मैत्रिणींसमोर सिनेमा लावून मी बहुतेक त्यांच्याकडून उत्तर काढू बघत होते, प्रश्न न सांगता.

दुसऱ्या दिवशी लेकीला म्हटलं, माझ्याबरोबर एक सिनेमा बघशील? तिने नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. "हे एज्युकेशनल आहे का?" म्हटलं, नाही. मग बसली, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, उशी पोटाशी धरून.

तिची मतं आमच्यापेक्षा वेगळी निघाली. कपडे बघून हसली. एका प्रसंगी म्हणाली, "यांना बरं होतं. कोणी रेकॉर्ड करत नव्हतं." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. २००३ साली ट्रेसीचा अपमान वर्गाच्या आवारात झाला आणि तिथेच विरला. आता तो रात्री दोन वाजता उशीखालीही वाजतो. सिनेमाचे रंग हळूहळू उडत जातात, शेवटाकडे सगळं निळं-करडं होतं, हेही तिनेच आधी ओळखलं. मला दोनदा बघूनही कळलं नव्हतं.

पाकिटाच्या प्रसंगाला मात्र ती एकदम स्तब्ध झाली. मीही. दोघी समोर बघत बसलो. शेवटी जेव्हा आई ट्रेसीला घट्ट धरून ठेवते आणि ट्रेसी सुटायला धडपडते, तेव्हा लेकीने उशी तोंडापर्यंत ओढली आणि उशीतूनच म्हणाली, "मी घेतलं नव्हतं. तिने माझ्या खिशात टाकलं. पण मी परतही नाही दिलं."

म्हणजे मी जाकीट हलवलंय हे तिला दहा दिवस ठाऊक होतं. ती वाट बघत होती, मी वाट बघत होते.

ते 'तिने टाकलं' कितपत खरं, मला माहीत नाही. मी त्यावर खोदून विचारलं नाही. शनिवारी दोघी त्या दुकानात गेलो. मी येते म्हटलं तर म्हणाली, तू गाडीतच थांब. काचेतून दिसत होतं, काउंटरवरच्या मुलीशी ती बराच वेळ बोलत होती, हात मागे बांधून, शाळेत बाईंसमोर उभी राहिल्यासारखी. परत आली ती लालबुंद होऊन. पट्टा लावला. थोड्या वेळाने विचारलं, "आजीला सांगितलंस?"

"नाही."

"आजीला माहितीये," ती म्हणाली. "मी तिला केव्हाच सांगितलं. तिने विचारलं होतं."