मलावी सरोवरात पोहावं की नाही

मलावीत स्वयंसेवक म्हणून राहणाऱ्याच्या वाट्याला ऑक्टोबरात दोन गोष्टी हमखास येतात: पावसाआधीचा जीव नकोसा करणारा उकाडा आणि ‘सरोवरात पोहू नका’ ही ताकीद. उकाड्यापुढे ताकीद टिकत नाही. केप मॅक्लिअरला गोडं पाणी समुद्रासारखं पसरलेलं, तळाची वाळू दिसावी इतकं नितळ, खडकांभोवती निळे-पिवळे म्बुना मासे. सरोवराच्या या दक्षिण टोकाला 1984 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, ते मुख्यतः या माशांमुळे. अशा पाण्यात उतरूच नका, असं मी कुणाला सांगणार नाही. पण पोहणं ही सुट्टीची चैन आणि गावात संडास बांधणं, शाळेत शिकवणं हे आठवड्याचं काम, अशी जी वाटणी आपण मनातल्या मनात करतो, ती मला पटत नाही. दोन्हींचं पाणी एकच आहे.

प्रश्न बिलहार्झियाचा आहे. रोग्याच्या लघवीतून परजीवीची अंडी पाण्यात जातात, त्यातून निघालेला जीव विशिष्ट गोगलगायीत शिरून वाढतो आणि पुढच्या अवस्थेतल्या सूक्ष्म अळ्या पाण्यात मोकळ्या होऊन माणसाच्या कातडीतून काही मिनिटांत आत घुसतात. मूत्राशयाला ग्रासणाऱ्या प्रकारात या अळ्या सर्वांत जास्त सुटतात त्या भर दुपारी, म्हणजे नेमकं पोहावंसं वाटतं तेव्हा. आणि त्याच काठावर सकाळपासून बायका वाळूने भांडी घासत असतात, कपडे धूत असतात, मुली बादल्या भरून डोक्यावर घेत असतात. मागे लाकडी मांडवांवर चांदीच्या चिंध्यांसारखी उसिपा मासळी वाळत असते. गावाची मोरी, नळ आणि कोठार सगळं त्या काठावरच.

‘इथली माणसं रोज पाण्यात असतात, त्यांना कुठे काय होतं?’ हा युक्तिवाद स्वयंसेवकांच्या तोंडून मी इतका ऐकला आहे की त्याची चीड येते. त्यांना होतं. कित्येक मुलांच्या लघवीत रक्त दिसतं आणि ते वाढत्या वयाचंच लक्षण मानलं जातं. परक्यांनाही होतं: 1992 मध्ये केप मॅक्लिअरला पोहलेल्या अमेरिकेच्या पीस कोअरच्या दोन स्वयंसेवकांच्या मज्जासंस्थेपर्यंत हा आजार पोचला, आणि त्यानंतर मलावीतल्या परदेशी रहिवाशांची रक्ततपासणी झाली तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांत संसर्गाच्या खुणा सापडल्या. ‘आम्ही होडीतून खोल पाण्यात जातो’ हे त्यापेक्षा बरं, कारण तिथे धोका कमी. पण होडीत चढायला गुडघाभर पाण्यातूनच जावं लागतं.

‘मग गोळी घ्यायची, विषय संपला’ हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. प्राझिक्वान्टेल स्वस्त आणि गुणकारी आहे, हे खरंच. मात्र ती प्रौढ कृमींवर चालते, कोवळ्यांवर फारशी नाही. म्हणून शेवटच्या पोहण्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी घ्यायची असते. घाईने आधी घेतली की खोटा दिलासा मिळतो. शिवाय आपण गोळी घेऊन विमानात बसतो. गावातली बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पाण्यात उभी असते. गोळ्यांच्या मोहिमा वर्षानुवर्षं शाळकरी मुलांभोवती फिरल्या. दोन वर्षांपुढच्या सगळ्यांना औषध द्यावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली ती 2022 मध्ये. आपल्याकडे हा रोग जवळपास नाहीच, म्हणून मराठी माणसाला तो दूरचा वाटतो; पण 1952 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावातून याच रोगाची नोंद झाली होती.

सरोवराच्या उघड्या, वाळूच्या काठांवरही हा रोग का पसरला, याचं संशोधकांनी दिलेलं कारण स्वयंसेवकांनी मुद्दाम वाचावं. गोगलगायी फोडून खाणारा एक मासा काठालगत अतिमासेमारीने कमी झाला, गोगलगायी वाढल्या, मागोमाग रोग. मासेमारीच्या बारीक जाळ्यांत मच्छरदाण्याही असतात, त्याच मच्छरदाण्या ज्या मलेरियासाठी आपल्यासारखे लोक वाटतात. काठालगतची मासेमारी थांबवा, असा उपाय सुचवला गेला आहे आणि शास्त्र म्हणून तो बिनतोड वाटतो. पण ज्याचं दुपारचं कालवण त्या बारीक मासळीवर चालतं, त्याला पाहुण्याच्या पोहण्यासाठी जाळं गुंडाळायला कोण सांगणार? संडास, हातपंप आणि मोठ्यांनाही मिळणारी गोळी ही कामं आधी व्हायला हवीत. त्यांत कुणाच्या ताटातलं काही जात नाही.